लायलॅक फुलत नाही? आधी मोगऱ्याचा हात आवरा

मे महिना अर्धा झाला की ओळखीपाळखीतून मला फोटो यायला लागतात. लायलॅक म्हणजे थंड मुलखातलं, मेमध्ये जांभळ्या-पांढऱ्या सुगंधी घोसांनी फुलणारं झुडूप. फोटोत ते हिरवंगार, पत्त्यातल्या बदामासारखी पानं, उंची गॅरेजच्या छपरापर्यंत, आणि फुलाचा पत्ता नाही. खाली दरवेळी एकच प्रश्न: "सगळं करतेय, तरी लायलॅक फुलत का नाही?"

मी फोटो मोठा करून फक्त शेंडे बघते. शेंडे एका पातळीत, नीटनेटके कापलेले असले तर पुढचं काही विचारावं लागत नाही.

हाच घोळ मी स्वतः सलग तीन वर्षं घातला होता. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ आम्ही घर घेतलं, तेव्हा मागच्या कोपऱ्यात एक जुनं लायलॅक उभं होतं, बुंधे मनगटाएवढे. पहिल्या मेमध्ये ते असं फुललं की आठवडाभर घरात उदबत्ती लावली नाही. नोव्हेंबरात मिरजेहून आई आली. तिने झुडूप बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, किती माजलंय हे! पानं गळलीच आहेत आयती, आता छाटून टाक. उन्हाळ्यात बघ कसं लगडतं." आईच्या हातचा मोगरा आमच्या गल्लीत प्रसिद्ध, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पुढच्या मेमध्ये फुलं शून्य. आई फोनवर म्हणाली, "कमी छाटलं असशील." मी आणखी छाटलं.

गंमत म्हणजे मोगरा आणि लायलॅक एकाच कुळातले. ऑलिव्ह, जाई, जुई, चमेली आणि आपला पारिजातकसुद्धा त्याच कुळातला. पण भावंडांचे स्वभाव सारखे असतात असं कुठे आहे.

कात्री कधी चालवली?

मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. म्हणून आपण थंडीत पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, छाटतो, मग खतपाणी सुरू करतो. जितकी नवी फूट, तितक्या कळ्या. लायलॅकचं गणित उलटं आहे. त्याचं फूल जुन्या लाकडावर येतं. यंदाच्या मेमध्ये जो घोस दिसतो तो गेल्या उन्हाळ्यातच डोळ्यांत, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबांत, तयार होऊन बसलेला असतो. फुलं ओसरल्यावर काही आठवड्यांत झाड पुढच्या वर्षाच्या तयारीला लागतं. ऑगस्टनंतर कात्री लावली, मग ती दसऱ्याला लावा, नाताळात लावा नाहीतर मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर लावा, तुम्ही पुढच्या वर्षाची फुलंच कापून टाकता. झाडाला इजा होत नाही. उलट ते जोमाने पानं काढतं, म्हणून आपल्याला वाटतं छाटणी मानवली.

खात्री करायची असेल तर ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये फांद्यांचे शेंडे बघा. लायलॅकच्या टोकाला बहुधा डोळ्यांची जोडी असते. ती टपोरी, हरभऱ्यासारखी फुगीर असेल तर आत फूल आहे. सडपातळ, टोकदार असेल तर नुसती पानं. मार्चमध्ये एखादा टपोरा डोळा पातीने उभा चिरून बघा. आत मोहरीपेक्षा बारीक दाण्यांचा हिरवा घड दिसतो. एक डोळा वाया जातो, पण मे महिन्यापर्यंत जीव टांगणीला लागत नाही.

मग छाटायचं कधी? फुलं सुकली की लगेच. आमच्याकडे ते जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतं. सुकलेला घोस काढताना त्याच्या लगेच खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापा, खाली जाऊ नका, कारण पुढची फूट तिथूनच येते. सुकलेले घोस नाही काढले तरी आभाळ कोसळत नाही. मी उंचावरचे तसेच सोडते.

खरी छाटणी शेंड्यांची नसतेच, बुंध्यांची असते. जुनं झुडूप वर फुलतं आणि खाली नुसते उघडे सोट दिसतात, त्यावर उपाय असा: एकूण बुंध्यांपैकी सर्वांत म्हाताऱ्या एक तृतीयांश बुंध्यांना दरवर्षी जमिनीलगत करवत लावायची आणि तळातून आलेल्या धुमाऱ्यांपैकी दोन-तीन चांगले राखायचे. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि मधल्या काळात फुलंही बंद पडत नाहीत. एकदम सगळं जमिनीलगत कापलं तरी ते परत येतं, पण मग काही वर्षं फुलं विसरायची.

छाटलं नाही, तरी फूल नाही

मग मी पहिल्यांदा ऊन विचारते. रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. घर घेतलं तेव्हा उन्हात असलेलं झुडूप दहा वर्षांत शेजारच्या मेपलच्या सावलीत गेलेलं असतं आणि आपल्या ते लक्षात येत नाही, कारण सावली रोज एका बोटाने सरकते.

दुसरा प्रश्न हिरवळीचा. लॉनला टाकलेलं नत्रयुक्त खत लायलॅकच्या मुळांपर्यंत पोचतं. भरपूर नत्र म्हणजे भरपूर पानं. झुडपाभोवतीच्या चार-पाच फुटांत ते खत टाकू नका. शेणखत किंवा कंपोस्टचा पातळ थर पुरतो. मूळचं हे बाल्कन डोंगरांतल्या खडकाळ उतारांवरचं झाड. फार लाड केले की बिघडतं.

चुन्याबद्दल इथे सगळेच सल्ला देतात. लायलॅकला आम्लधर्मी माती आवडत नाही हे खरं. सामू (pH) साडेसहा ते साडेसात असला की ते खूश असतं. पण म्हणून डोळे मिटून चुना ओतायचा नाही. काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात माती तपासून घ्या, थोडक्या पैशांत होतं. आमची माती तपासली तर सामू आधीच सातच्या वर निघाला. गॅरेजमध्ये चुन्याची पिशवी अजून पडून आहे.

रोप नवं असेल तर थांबणं एवढाच उपाय. कुंडीतून लावलेलं छोटं रोप तीन ते पाच वर्षं नुसतं मुळं धरत बसतं. आणि एप्रिलच्या उबेने डोळे फुगल्यावर रात्री दव गोठण्याइतकी थंडी पडली तर त्या वर्षीची फुलं जळतात, त्याला कोणी काही करू शकत नाही.

एक कारण फसवं आहे. झुडूप फुलतं, पण फूल भलतंच येतं. खूप लायलॅक कलमी असतात, काही तर प्रिव्हेट या कुंपणाच्या झुडपाच्या खुंटावर बांधलेले. कलमाच्या खालून आलेला धुमारा वेळीच काढला नाही तर तो जोर धरतो आणि वरच्या निवडक जातीला गिळून टाकतो. जांभळं दुहेरी पाकळ्यांचं आणलं आणि सहा वर्षांनी पांढरी बारीक फुलं आली, तर नर्सरीशी भांडायच्या आधी फांदी कुठून निघालीय ते माती उकरून बघा.

भारतातून, म्हणजे पुणे-नाशिकहून विचारणाऱ्यांना मला नाइलाजाने नाही म्हणावं लागतं. या झाडाला हिवाळ्याची लांब झोप लागते. ती मिळाली नाही तर डोळे नीट उघडत नाहीत. ऑनलाइन येणाऱ्या बियांच्या पाकिटावरचं चित्र बघून पैसे घालवू नका. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी मात्र वाट आहे. तिथल्या डेस्कान्सो उद्यानात कमी थंडीत फुलणाऱ्या जाती तयार झाल्या, 'लॅव्हेंडर लेडी' त्यांतली प्रसिद्ध. आणि हिमालयात लायलॅकची एक सख्खी जात रानात उगवते. काश्मीर-हिमाचलच्या उंच भागात फिरताना मलईसारख्या फिकट फुलांचे घोस दिसले तर थांबून बघा.

पानांवर पांढरी पूड

ही भुरी, द्राक्षवाल्यांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत येते, दिसायला वाईट, पण झाड मारत नाही. मी फवारत नाही. मधल्या गर्दीतले दोन-तीन बुंधे काढून हवा खेळती केली की पुढच्या वर्षी कमी होते. पडलेली पानं उचलून टाका.

कोवळे शेंडे वसंतात अचानक काळे पडून वाकले तर तो जिवाणूजन्य करपा असतो. कोरड्या दिवशी काळ्या भागाच्या बरंच खाली कापायचं, दर काप झाल्यावर कात्री स्पिरिटने पुसायची. इथे वेळेचा नियम बाजूला ठेवा, फुलं गेली तर गेली. लायलॅकचं शास्त्रीय नाव 'सिरिंगा', आणि या जिवाणूच्या नावातच ते आहे, 'स्यूडोमोनास सिरिंजी'. पाणी गोठवायला मदत करणारं प्रथिन याच जिवाणूत असतं आणि स्कीच्या डोंगरांवर कृत्रिम बर्फ करायला ते वापरतात.

बुंध्यावर भोकं आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा. तो बुंधा जमिनीलगत काढा. आणि सप्टेंबरात दोन-चार घोस फुलले तर हरखून जाऊ नका. उन्हाळ्यात रोगाने पानं गळाली की झाड गोंधळतं आणि पुढच्या मेचे डोळे आत्ताच उघडतं.

फुलं आली, आता बरणीत काय बिघडतंय?

लायलॅक फुललं की आपल्या बायका दोन गोष्टी करतात, गुलकंद आणि तेल. दोन्ही पहिल्यांदा बिघडतात. माझीही बिघडली.

गुलकंद कडू झाला, ही पहिली तक्रार. गुलाबाची पाकळी ओढली की सुटते. लायलॅकचं प्रत्येक फूल म्हणजे बारीक नळी, तिच्या बुडाशी हिरवा निदलपुंज. कडवटपणा तिथे असतो आणि देठात तर फारच. एकेक फूल चिमटीने ओढून काढावं लागतं. वाटीभर फुलांना अर्धा तास जातो, मुलांना बसवा कामाला. युक्रेन-रशियाकडची मुलं या कामात पटाईत, कारण चार पाकळ्यांच्या फुलांत पाच पाकळ्यांचं सापडलं तर इच्छा मनात धरून ते खाऊन टाकायचं असतं.

दुसरी तक्रार, बरणीत फेस आला. फुलं धुऊन ओली घातली की आंबणारच, आणि मेमधल्या रॉचेस्टरच्या उन्हाला मिरजेचं ऊन समजण्यात अर्थ नाही. बरणी उन्हात ठेवायचा नाद सोडा. फुलं सकाळी दव उडाल्यावर तोडा, न धुता झटका, ताटात पसरून दोन-तीन तास वाळवा. मग साखरेत थरावर थर, रोज एकदा हलवायचं. ओल जाणवली तर साखर पुन्हा ताटात पसरायची. आठवड्यात सुगंधी साखर तयार होते. हा गुलकंद नव्हे, पण बासुंदीवर चमचाभर घालून बघा. फुलं मात्र फवारणी न झालेल्या झाडाचीच घ्या, रस्त्याकडेची नकोत.

सरबत राखाडी-तपकिरी झालं, ही तिसरी. उकळत ठेवलं की तसंच होतं. फुलांवर गरम पाणी ओतून झाकून रात्रभर ठेवा, सकाळी गाळून साखरेबरोबर साखर विरघळेपर्यंतच तापवा. गाळलेलं पाणी आधी कळकट निळसर दिसतं. लिंबू पिळलं की गुलाबी होतं, गोकर्णाच्या चहासारखं. पांढऱ्या फुलांना रंग येणार नाही, तिथे काही जण दोन ब्लूबेरी टाकतात. ही लबाडी मला मान्य आहे. सरबत फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा.

तेलाचं प्रकरण जरा गंभीर. ताजी फुलं तेलात बुडवून महिनाभर ठेवली की एक तर बुरशी येते, नाहीतर खवट वास. शिवाय ओल असलेला पाला तेलाखाली हवेविना राहिला तर बोट्युलिझमचं विष तयार होण्याचा धोका असतो. असं तेल खाण्यात अजिबात नको. अंगाला लावायचं असेल तर फुलं एक पूर्ण दिवस कोमेजू द्या, तेलात एक-दोन दिवसच ठेवा, गाळा, पुन्हा नवी फुलं घाला, असं तीन-चार वेळा. शेवटी तळाला बसलेलं पाणी मागे ठेवून वरचं तेल निथळून घ्या. इतकं करूनही वास हलकाच येतो, कारण या फुलाचा सुगंध वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. अत्तरवाले तो प्रयोगशाळेत जुळवतात. म्हणजे बाजारातलं 'लायलॅक इसेन्शियल ऑइल' जवळपास नेहमीच कृत्रिम सुवास असतं. ते चहात थेंबभर घालणारी एक बाई मला भेटली आहे. कृपा करून घालू नका. आपल्याकडे चमेलीचं तेल करताना तिळाचे आणि फुलांचे थर लावून मग त्या तिळांचं तेल काढतात. लायलॅकवर ते करून बघायचं माझ्या मनात आहे.

औषध म्हणून शोधलं आणि भलतंच सापडलं

सर्वांत धोकादायक घोळ नावाचा आहे. 'लायलॅकचे औषधी उपयोग' असा शोध घेतला की निम्मी माहिती दुसऱ्याच झाडांची निघते. 'इंडियन लायलॅक' म्हणजे आपला कडुनिंब. 'पर्शियन लायलॅक' म्हणजे बकाण निंब, आणि त्याची पिवळी फळं विषारी आहेत, मुलं आणि जनावरं त्याने दगावलेली आहेत. 'समर लायलॅक' म्हणजे फुलपाखरांचं आवडतं बडलिया. 'कॅलिफोर्निया लायलॅक' आणखी वेगळं. एका मैत्रिणीने "लायलॅकच्या फळांचा जंतावर काढा" वाचून मला विचारलं, तेव्हा चित्रात चक्क बकाण निंबाच्या गोट्या होत्या. शास्त्रीय नाव 'सिरिंगा वल्गारिस' आहे की नाही ते पाहिल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

नावाची मजा अशी की 'लायलॅक' फारसीतून आलं, निळसर या अर्थाच्या शब्दावरून, आणि त्याच्या मुळाशी आपला संस्कृत 'नील' आहे. म्हणजे नाव आपल्या ओळखीचं, झाड नाही. इस्तंबूलच्या दरबारात राजदूत असलेल्या बुसबेकने सोळाव्या शतकात ते व्हिएन्नाला नेलं, तिथून युरोपभर पसरलं.

खऱ्या लायलॅकचा जुना वापर मुख्यतः कडू औषधाचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पानं आणि कच्ची बोंडं ठरावीक दिवसांआड येणाऱ्या तापावर, हिवतापावर, जंतांवर देत. हिवतापावरची सिंकोनाची साल महाग पडे, तेव्हा जे कडू ते तापावर चालवून बघत. सालीतून 1841 साली 'सिरिंजिन' हा घटक वेगळा काढला गेला आणि नावही या झाडावरूनच पडलं. पानांत ऑलिव्हच्या पानांतलाच कडू घटक, ओल्युरोपिन, असतो. हे वाचताना मला पारिजातक आठवला. त्याची पानंही कडूजहर, त्यांचा काढाही आपण तापावर आणि सांधेदुखीवर देतो. कुळ एकच, म्हणून दोन्हीकडच्या आज्यांना एकच सुचलं असेल, असा माझा तर्क. पण तर्कावर काढा करू नये. किती पानं, किती पाणी, किती दिवस, याचं भरवशाचं माप लायलॅकसाठी नाही, आणि हिवतापावर तर आज नेमकी औषधं आहेत. पोटात घ्यायचं ते फुलांचं सरबत-साखरेपुरतं ठेवा. पानं, साल, बोंडं नकोत. गरोदर असाल किंवा रोजच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेजारच्या युक्रेनियन आजी मात्र कुणाला विचारत नाहीत. त्यांच्या भाषेत हे 'बुझोक'. काचेची बरणी फुलांनी भरायची, वोडका ओतायची, अंधारात दोन-तीन आठवडे ठेवायची आणि गाळून गुडघ्यांना चोळायची. पूर्व युरोपात हा उपाय घरोघर आहे. आईच्या गुडघ्यांनाही त्यांनी चोळून दिलं. गुण वोडकाचा, चोळण्याचा की फुलांचा, ते मी सांगू शकत नाही. आई म्हणते, "चोळायला माणूस मिळालं ना." ही बरणी कधी बिघडत नाही, एवढं नक्की. मात्र फाटलेल्या किंवा खाजऱ्या त्वचेवर लावू नका आणि आधी मनगटावर थेंबभर लावून बघा.

गुंता सुटत नसेल आणि मेमध्ये इकडे असाल तर रॉचेस्टरच्या हायलँड पार्कमध्ये एक चक्कर मारा. जॉन डनबार यांनी 1892 मध्ये तिथे लायलॅक लावायला सुरुवात केली, आज 500 हून जास्त जाती आहेत. फुलं बघून झाली की वाकून बुंधे बघा. वेगवेगळ्या वयाचे बुंधे एकाच झुडपात कसे राखलेत ते तिथे डोळ्यांनी कळतं.

माझ्या झुडपाला कात्री बंद केल्यानंतर दुसऱ्या वर्षी सात घोस आले, मोजले होते. त्यापुढच्या वर्षी मोजायचं सोडलं. आई या नोव्हेंबरात पुन्हा येतेय. कात्री तळघरात वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली आहे.